एक्स्ट्रीम मेटल अल्बमचा रिव्ह्यू लिहायचा कसा आणि दहापैकी आकडा द्यायचा कसा

नवीन डेथ मेटल अल्बम आला की तासाभरात मित्रांचे मेसेज सुरू होतात. एक म्हणतो आठ, दुसरा साडेआठ, तिसरा डायरेक्ट नऊ आणि वर ‘ह्या वर्षातला बेस्ट आहे बाबा’. नऊ का, असं विचारलं की उत्तर येतं ‘ड्रमिंग ऐक रे, खतरनाक’. आता ड्रमिंग खतरनाक नाही असा डेथ मेटल अल्बम मला कोणीतरी दाखवा. ते वाक्य खोटं नसतं, पण त्याचा उपयोगही काही नसतो, कारण ते दुसऱ्या कुठल्याही अल्बमला उचलून चिकटवता येतं.

ज्यांना ब्लॅक, डेथ, थ्रॅश, डूम, ग्राइंडकोर असे मेटलचे टोकाचे प्रकार ऐकायची सवय आहे आणि आता त्यावर चार ओळी नीट लिहाव्यात असं वाटतंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. गोव्यात राहून हे ऐकणारे आपण तसे मोजकेच, बाहेरच्याला गोवा म्हटलं की हणजुणचा ट्रान्स आठवतो, त्यामुळे नवीन पोरांना विचारायला पण फारसं कोण नसतं. नियम एकच सांगतो, बाकी सगळं त्यातूनच निघतं. जे लिहाल ते वाचणाऱ्याला अल्बम लावून स्वतःच्या कानाने तपासता आलं पाहिजे. कुठल्या गाण्यात, साधारण कितव्या मिनिटाला, काय होतं. हे सांगता येत नसेल तर वाक्य काढा, कितीही भारी जमलेलं असलं तरी.

ऐकायचं कुठे

पहिल्यांदा ऐकताना काही लिहू नका. अख्खा अल्बम एका बैठकीत, शफल बंद, मध्ये रील्स नाहीत. दुसऱ्यांदा वही घ्या आणि फक्त वेळ टिपा: ‘तिसरं गाणं, २:१० ला स्लो होतो, मस्त’ एवढं पुरे. मत नंतर. तिसऱ्यांदा ऐकाल ते दोन-चार दिवस जाऊ देऊन.

आता जागेचा प्रॉब्लेम. फोंड्याहून पणजीला कदंबच्या बसने रोज जाणारे आपल्यातले खूप आहेत आणि बहुतेकांचं ऐकणं तिथेच होतं. बसमध्ये ऐका की, मी पण ऐकतो, पण तिथे ऐकून प्रॉडक्शनवर लिहू नका. डिझेल इंजिनाची घरघर खालच्या पट्टीत असते आणि ती नेमका किक ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि बेस गिटार खाऊन टाकते, वर उरतं काय तर झांजा, स्नेअर (कडक वाजणारा छोटा ड्रम) आणि ओरडणं. मग घरी येऊन पोरगा लिहितो ‘बेस ऐकूच येत नाही’. बेस होता रे, इंजिनाखाली होता. फोनच्या स्पीकरचं तर नावच नको. डेथ मेटलवाले गिटारच्या तारा सैल करून सूर बी पर्यंत किंवा त्याहूनही खाली उतरवतात, ती खालची बीची तार साधारण ६२ हर्ट्झला वाजते आणि एवढ्याशा स्पीकरमधून ती निघूच शकत नाही, तुमचा मेंदू अंदाजाने भरून काढतो. आणि पावसाळ्यात, जून-जुलैत, पत्र्याखाली बसून डूम मेटल ऐकायला रोमँटिक वाटतं हे खरं, पण त्यातले शांत भाग पाऊस गिळतो, त्यामुळे ‘डायनॅमिक्स (हळू-जोराचा फरक) नाहीत’ वगैरे लिहायच्या आधी एक उघडीप बघून परत ऐका.

हेडफोन महाग पाहिजेत असं काही नाही. वायरवाला, कान झाकणारा, बरा असा एक घ्या आणि दर वेळी तोच वापरा. तुमच्या कानाला त्याची सवय झाली की अल्बमा-अल्बमातला फरक कळतो, नाहीतर तुम्ही हेडफोनांचा रिव्ह्यू लिहीत बसाल.

आणखी एक गोष्ट बरेच जण विसरतात ती म्हणजे आवृत्ती. डेथ या बँडचा ‘ह्यूमन’ १९९१ चा. त्यावर स्टीव्ह डिजॉर्जिओसारखा माणूस बेस वाजवतोय आणि मूळ मिक्समध्ये, म्हणजे सगळ्या वाद्यांच्या जुळवणीत, तो गिटारांखाली दबलाय. २०११ ला तोच अल्बम परत मिक्स करून काढला, त्यात बेस चांगला वर आला. म्हणजे दोन जण एकाच अल्बमबद्दल भांडतात, एक म्हणतो बेस दिसत नाही, दुसरा म्हणतो बेसच तर मजा आहे, आणि दोघेही बरोबर. म्हणून वरच लिहून टाका की तुम्ही कुठली आवृत्ती, कशावर ऐकलीत.

कानाने पकडायचं काय

ड्रमपासून सुरू करू कारण तिथेच सगळे घसरतात. ‘फास्ट’ हा शब्द पुरत नाही. ब्लास्ट बीट, म्हणजे अतिवेगाने सलग पडणारे ड्रमचे ठोके, कुठल्या प्रकारचा आहे ते ऐका: किक आणि स्नेअर आलटून-पालटून पडतायत की दोन्ही एकदम. आलटून-पालटून असेल तर चाल पुढे ढकलल्यासारखी वाटते, एकदम पडत असतील तर भिंत उभी राहते. मग बघा ब्लास्ट कधी येतो आणि कधी थांबतो, कारण अख्खं गाणं ब्लास्टवर असेल तर दोन मिनिटांनी कान त्याला वेग मानेनासा होतो. दुसरं म्हणजे ट्रिगर. ड्रमला सेन्सर लावून प्रत्येक ठोक्याला आधीच रेकॉर्ड केलेला आवाज वाजवतात, त्यात पाप काही नाही, पण सगळे ठोके हुबेहूब एकाच जोराचे, एकाच रंगाचे झाले की वाजवणारा माणूस गायब होतो. डबल बासचा (दोन्ही पायांनी वाजवलेल्या किक ड्रमचा) एखादा लांब तुकडा पकडा आणि ठोक्या-ठोक्यात फरक ऐकू येतो का बघा. येत नसेल तर तसं लिहा, मिनिटासकट.

आपल्या गोव्यातल्या माणसाला ब्लॅक मेटलची एक गोष्ट समजवायला सोपी जाते. चतुर्थीच्या आरतीत घुमट आणि शामेळ ही तालवाद्यं पार सुटलेली असतात आणि आरती म्हणणारे मात्र संथ लयीत एकेक ओळ ओढून म्हणत असतात, दोन वेग एकाच वेळी. नॉर्वेच्या ब्लॅक मेटलमध्ये तेच चालतं. खाली ब्लास्ट धावतोय, गिटारवाला एकाच सुरावर ट्रेमोलो पिकिंग करतोय म्हणजे हात वेगात पण सूर बदलतोय अगदी हळू, आणि तुमचं लक्ष त्या हळू बदलणाऱ्या सुरांकडे जातं. हे ज्याला ऐकू आलं तो ‘नुसता गोंगाट आहे’ असं कधी लिहिणार नाही. आणि हे जमलेलं नसेल तर तेही त्यालाच कळतं.

गिटारसाठी माझी एकच टेस्ट. दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना एखादा रिफ, म्हणजे गाण्यात परत परत येणारा गिटारचा तुकडा, तोंडात येतो का? अल्बममधले किमान दोन-तीन आले पाहिजेत. मॉर्बिड एंजलचा ‘ऑल्टर्स ऑफ मॅडनेस’ १९८९ चा, त्याचं पहिलंच गाणं उलट्या फिरवलेल्या गिटारच्या तुकड्याने सुरू होतं आणि मग दार उघडल्यागत अख्खा बँड आत येतो. एकदा ऐकलं की ती सुरुवात विसरत नाही. हे झालं कानाने तपासता येईल असं वाक्य. आता सोलोंबद्दल पण असंच: सोलो गाण्याला कुठेतरी नेतो का, की रिफ संपला म्हणून आलाय?

गिटारचा टोन आणि रिफ या वेगळ्या गोष्टी आहेत हे पण डोक्यात ठेवा. स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओत टोमास स्कोग्सबर्गने एन्टूम्डचा ‘लेफ्ट हँड पाथ’ (१९९०) केला, गिटारचा आवाज फाडणाऱ्या बॉसच्या एचएम-२ पेडलची सगळी बटणं पूर्ण फिरवून, आणि तो करवतीसारखा आवाज पुढे अख्ख्या स्वीडिश डेथ मेटलचा शिक्का झाला. आज तेच पेडल घेऊन शेकड्याने बँड येतात. पहिल्या दहा सेकंदांत आपल्याला भरून येतं आणि आपण आठ देऊन मोकळे होतो. थांबा. तो आवाज पेडलचा आहे, बँडचा नाही. तोच रिफ क्लीन टोनवर, आवाज न फाडता, कोणी वाजवला तर काही शिल्लक राहतं का, एवढं मनात करून बघा.

व्होकल्सबद्दल ‘जनावरासारखं ओरडतो’ लिहिणं बंद करा, कृपया. आवाज खोल आहे की चिरका, शब्द कळतात की नाही, ओळ संपताना श्वास पुरतो की एडिटिंगने जोडलंय, दोन-दोन आवाज एकावर एक चढवलेत का. आणि शब्द कळत नाहीत हा आपोआप दोष नाही. ओबिच्युअरीच्या ‘स्लोली वी रॉट’मध्ये (१९८९) जॉन टार्डी कितीतरी ठिकाणी शब्दच म्हणत नाही, नुसते आवाज काढतो, आणि तो अल्बम उभा आहे तो त्याच्याच जिवावर. उलट डेथ बँडच्या चक शुल्डिनरचा आवाज ‘सिम्बॉलिक’पर्यंत (१९९५) येता येता वर चढला, कारण तोवर त्याला जे म्हणायचं होतं ते लोकांना कळायला हवं होतं. दोन्ही बरोबर. आपण बघायचं एवढंच की ह्या अल्बमला काय पाहिजे होतं.

रॉ आणि रद्दी

प्रॉडक्शनवर लिहिताना लोक दोन टोकांना जातात, एक तर ‘क्रिस्टल क्लियर’ म्हणजे चांगलं, नाहीतर ‘रॉ आहे म्हणून ट्रू आहे’. दोन्ही आळस आहेत.

डार्कथ्रोनचं उदाहरण घ्या. त्यांचा पहिला अल्बम ‘सोलसाइड जर्नी’ १९९१ चा, डेथ मेटल, आणि तो त्याच सनलाइटला रेकॉर्ड केलेला. म्हणजे चांगला स्टुडिओ काय असतो हे त्यांना माहीत होतं. तीन वर्षांनी ‘ट्रान्सिल्व्हेनियन हंगर’ त्यांनी घरच्या चार ट्रॅकच्या मशीनवर केला, वाद्यं सगळी त्यांच्या ड्रमरने, फेनरिझने वाजवली. आवाज पातळ, थंड, बेस असून नसल्यासारखा. पण ते ठरवून केलेलं आहे, आणि गाणी त्याच आवाजासाठी लिहिलेली आहेत. आता कोणी पोरगा लॅपटॉपवर कच्चं मिक्स करून ‘रॉ’ म्हणून सोडतो तेव्हा विचारायचं ते हेच: हा आवाज साफ केला तर गाण्याचं काही बिघडेल का? बिघडणार असेल तर रॉ. नुसतं ऐकायला बरं होणार असेल तर काम अर्धवट सोडलंय.

आणि लाउडनेस. फाइल ऑडॅसिटी या ऑडिओ सॉफ्टवेअरमध्ये उघडून बघा, लाटेऐवजी सरळ ठोकळा दिसला की समजा मास्टरिंगला, म्हणजे शेवटच्या टप्प्यात, आवाज मोठा करायला दाबून टाकलंय. मेटालिकाच्या २००८ च्या ‘डेथ मॅग्नेटिक’वर याच कारणावरून मोठा दंगा झाला होता, कारण ‘गिटार हिरो’ गेममध्ये तीच गाणी कमी दाबलेली होती आणि लोकांनी दोन्ही शेजारी ठेवून ऐकली. एक्स्ट्रीम मेटल नाही तो, माहीत आहे, पण ऐकायला शिकायला तो चांगला आहे. दोन अल्बमांची तुलना करताना आवाजाची पातळी आधी सारखी करून घ्या. जरा मोठा वाजणारा अल्बम कानाला नेहमीच चांगला वाटतो, भल्याभल्यांना वाटतो.

आता आकडा

इथे सगळे फसतात म्हणून इथे जरा बसू.

सगळ्यात लोकप्रिय पद्धत म्हणजे भाग पाडून सरासरी काढायची: रिफ इतके, ड्रम इतके, व्होकल्स, बेस, प्रॉडक्शन, भागिले पाच. दिसायला शास्त्रीय. करून बघा. ‘ट्रान्सिल्व्हेनियन हंगर’ घेऊ. टायटल ट्रॅक सहा मिनिटांचा आहे आणि ड्रमचा बीट जवळजवळ बदलतच नाही, मग ड्रमला ३. बेस ऐकू येत नाही, २. प्रॉडक्शन वर सांगितलं तसं, २. रिफ ९, कारण तेवढ्याशा सुरांत इतका गारठा कोणी आणला नव्हता. व्होकल्स ७. बेरीज २३, सरासरी ४.६. म्हणजे ब्लॅक मेटल ज्या अल्बमांवर आजही उभं आहे त्यातला एक तुमच्या वहीत नापास. उलट एखादा टेक्निकल डेथ मेटल अल्बम घ्या, दर वर्षी डझनाने येतात, बोटं विजेसारखी फिरतायत, ड्रमर माणूस आहे की मशीन कळत नाही, रेकॉर्डिंग काचेसारखं. सगळ्यांना नऊ नऊ, सरासरी नऊ. आणि आठवड्याने विचारा एक रिफ गुणगुणून दाखव, तर शांतता.

सरासरी का फसते? कारण अल्बममधले भाग वेगवेगळे मार्क मिळवायला बसलेले नसतात. तो न बदलणारा ड्रम आहे म्हणूनच त्या रिफांचा एवढा परिणाम होतो. तिथे कोणी फिल्स (मधल्या जागा भरणारे ड्रमचे छोटे तुकडे) टाकून ‘ड्रम सुधारले’ असते तर अल्बम मेला असता. म्हणून आकडा अख्ख्याला द्यायचा, आणि प्रश्न दोनच विचारायचे. ह्या बँडने काय करायला घेतलं होतं? आणि ते करण्यासारखं होतं का, आणि झालं का? (तीन झाले, चालेल.) मधला प्रश्न महत्त्वाचा आहे. काही अल्बम जे करायला घेतात ते शंभर टक्के करतात, फक्त ते तीस वर्षांपूर्वी दुसऱ्या कोणी करून झालेलं असतं.

स्केल कुठली घ्यायची? मी दहापैकी, अर्ध्याच्या पायरीने देतो. टक्के देणारे लोक आहेत, ८३ टक्के, ८७ टक्के. त्यांना विचारा ८३ आणि ८४ मध्ये फरक काय ते एका वाक्यात सांगा. सांगता येत नसेल तर तो आकडा नुसता दाखवायचा आहे.

आणि प्रत्येक आकड्याचा अर्थ आधी ठरवून कागदावर लिहा, अल्बम ऐकायच्या आधी. माझा असा आहे: ५ म्हणजे काम नीट केलंय, चुकलेलं काही नाही, पण मी हा परत स्वतःहून लावणार नाही. ६ म्हणजे दोन-तीन गाणी ठेवीन. ७ म्हणजे चांगला अल्बम, मित्राला सांगीन. ८ म्हणजे वर्ष संपताना यादीत असणार. ९ म्हणजे पाच वर्षांनीही लावीन असं वाटतंय. १० मी रिलीजच्या वर्षात देत नाही, कोणीही असो. ४ च्या खाली जाताना कारण ठणठणीत पाहिजे. पाच म्हणजे नापास नाही हे लोकांच्या डोक्यात जात नाही, शाळेतल्या मार्कांची सवय असते, त्यामुळे पाच दिला की बँडवाले रुसतात आणि सहा दिला की मित्र विचारतात ‘एवढा वाईट?’. रुसू दे. तुमचे मागचे सगळे आकडे एकदा काढून बघा, सगळे ७ ते ८.५ मध्ये अडकले असतील तर तुमच्याकडे दहाची स्केल नाहीच, चार आकड्यांची आहे.

मग खुंट्या ठोका. प्रत्येक प्रकारात तुम्हाला पाठ असलेले दोन-तीन अल्बम ठरवा आणि नवीन अल्बम त्यांच्या शेजारी ठेवून बघा. माझ्याकडे थ्रॅशला १० म्हणजे स्लेअरचा ‘रेन इन ब्लड’, ब्लॅकला ९ म्हणजे वरचा डार्कथ्रोन, डेथला ९ ‘ऑल्टर्स ऑफ मॅडनेस’, मेलोडिक डेथला ८ म्हणजे ॲट द गेट्सचा ‘स्लॉटर ऑफ द सोल’. तुमच्या वेगळ्या असतील, असायलाच पाहिजेत, माझ्या स्लॉटर ऑफ द सोलला फक्त आठ बघून आत्ताच कोणीतरी मला शिव्या घातल्या असतील. फक्त खालच्या खुंट्या पण ठेवा, पाचची आणि सहाची, नुसते मास्टरपीस ठेवून मोजलं तर सगळंच बुटकं दिसतं.

खुंट्या प्रकारानुसारच लावा हे परत सांगतो. नेपाम डेथच्या ‘स्कम’मध्ये (१९८७) ‘यू सफर’ नावाचं गाणं एक-सव्वा सेकंदात संपतं, आणि स्लीपचा ‘डोपस्मोकर’ म्हणजे एकच गाणं, त्रेसष्ट मिनिटं. एकाला ‘गाणी अर्धवट वाटतात’ आणि दुसऱ्याला ‘जरा लांबलंय’ असं लिहिणारे महाभाग असतात. पण लांबीवर बोलू नका असं म्हणत नाहीये मी. ‘रेन इन ब्लड’ दहा गाणी, अर्ध्या तासाच्या आत खलास, कॅसेटवर तर अख्खा अल्बम एका बाजूला मावायचा म्हणून दोन्ही बाजूंना तोच भरलेला असायचा. आज थ्रॅश बँड पंचावन्न मिनिटांचा अल्बम काढतात आणि त्यात पस्तीस मिनिटांचा माल असतो. कुठली दोन गाणी कापली तर अल्बम सुधारेल ते नाव घेऊन लिहा. बँडला पण उपयोग होतो त्याचा.

एक सक्त नियम: आकडा शेवटी. आधी अख्खं लिहून काढा, मग एक रात्र जाऊ दे, मग आपलंच लिहिलेलं वाचा आणि त्यातून कुठला आकडा निघतो ते बघा. आधी आकडा ठरवला की लिखाण त्या आकड्याची वकिली करायला लागतं. लिहिलेल्यात तीन तक्रारी आणि एक कौतुक असेल आणि खाली साडेआठ असेल तर दोघांपैकी एक खोटं बोलतंय.

शब्द, देव आणि खून

लिरिक्स वाचा, निदान चाळा. पोर्तुगालच्या मूनस्पेलचा ‘१७५५’ हा अल्बम (२०१७) लिस्बनच्या त्या साली झालेल्या भूकंपावर आहे आणि गाणी पोर्तुगीजमध्ये आहेत. आपल्याकडे शेजारीपाजारी कोणी म्हातारे अंकल अजून असतात ज्यांना पोर्तुगीज येतं. त्यांना लिरिक्स दाखवा, गाणं ऐकवायचं की नाही ते त्यांची तब्येत बघून ठरवा. मुंबईच्या डेमॉनिक रिझरेक्शनचा ‘दशावतार’ पण २०१७ चाच, एकेका अवतारावर एकेक गाणं. आता पेडण्याकडे रात्र रात्र दशावतारी बघत वाढलेला माणूस यावर लिहायला बसला की अर्धा रिव्ह्यू पुराणकथेत जातो. कथा सगळ्यांना माहीत आहे बाबा. तू हे सांग, नरसिंहाच्या गाण्यातले रिफ उचलून वामनाच्या गाण्यात टाकले तर काही बिघडतं का? कुठल्याही कॉन्सेप्ट अल्बमला हीच परीक्षा लावा. काही बिघडत नसेल तर कॉन्सेप्ट फक्त कव्हरवर आहे. तसंच, चेक बँड कल्ट ऑफ फायरने २०१३ ला ‘मृत्यु का तापसी अनुध्यान’ नावाचा अल्बम काढला, नाव देवनागरीत छापून. चांगला अल्बम आहे, पण आपली लिपी बघून ऊर भरून आला म्हणून एक मार्क जास्त देऊ नका.

देवाधर्माची शिवीगाळ ही या संगीतात जुनीच गोष्ट. डिसाइडचा १९९० चा पहिला अल्बम तर त्यावरच उभा आहे. माझा म्हापशाचा एक मित्र रविवारी मासला जाऊन येतो आणि दुपारी शांतपणे तोच अल्बम लावतो, त्याला विचारलं तर म्हणतो स्टीव्ह अशाइमचे ड्रम ऐकायला लावतो. तुमचं तसं नसेल, शब्दांचा त्रास होत असेल, तर तो लपवू नका, लिहा. फक्त त्रास तुमचा आहे आणि रिफ त्यांचे आहेत, हे दोन वेगळ्या वाक्यांत येऊ दे.

याहून अवघड म्हणजे माणसं. नॉर्वेच्या मेहेम या ब्लॅक मेटल बँडचा ‘डे मिस्टेरीस डॉम सॅथनास’ १९९४ ला आला तेव्हा त्यावर गिटार वाजवणारा युरोनिमस मेलेला होता आणि बेस वाजवणारा वर्ग विकर्नेस त्याच्याच खुनासाठी आणि चर्च जाळल्याबद्दल २१ वर्षांची शिक्षा झालेला. खुनी आणि मेलेला एकाच रेकॉर्डवर. ‘ट्रान्सिल्व्हेनियन हंगर’च्या चार गाण्यांचे शब्द पण ह्याच विकर्नेसचे आणि मूळ कव्हरच्या मागे ब्लॅक मेटलला ‘आर्यन’ म्हणणारी ओळ छापलेली. मी वर त्याला नऊ दिले. काय करतो मी? आकडा ऐकलेल्याचा देतो, आणि ही माहिती रिव्ह्यूमध्ये सरळ, एकदा, मसाला न लावता लिहितो, म्हणजे वाचणारा ठरवील पैसे टाकायचे की नाही. काही जण असल्या अल्बमवर लिहीतच नाहीत, तेही मला पटतं. जे पटत नाही ते म्हणजे खुनाच्या गोष्टीने अल्बमला वजन आणायचा प्रयत्न. खून झाला म्हणून रिफ थंडगार होत नाही.

ओळखीतले बँड

गोवा केवढासा. ज्या पोराच्या डेमोवर तुम्ही लिहिताय तो तुमच्या चुलतभावाचा क्लासमेट असतोच. शॅकमध्ये सीझनभर रेट्रो आणि बॉलिवूड वाजवणारा गिटारिस्ट रात्री घरी येऊन लॅपटॉपवर प्रोग्राम केलेल्या ड्रमवर डेथ मेटल रेकॉर्ड करतो, आणि गिग मिळाला तर रात्री दहाला आवाज बंद, त्यामुळे शेवटचा बँड नेहमी चार गाण्यांत गुंडाळतो. हे सगळं माहीत असताना त्याला पाच द्यायला हात धजत नाही. माझा उपाय असा की ओळख असेल तर पहिल्याच ओळीत सांगायचं आणि आकडा द्यायचाच नाही. लिखाण मात्र पूर्ण करायचं, मिनिटासकट, कारण त्याला ‘सपोर्ट द सीन’ पेक्षा ‘तिसऱ्या गाण्यात ३:२० ला स्नेअर गिटारखाली जातो’ हे जास्त कामाचं आहे. आणि प्रोग्राम केलेले ड्रम असतील तर तसं लिहा, पण माणसाने वाजवलेल्याच्या मापाने मोजू नका. कोणी रिव्ह्यूच्या बदल्यात मर्चंडाइज देऊ करत असेल तर टी-शर्ट विकत घ्या, फुकट घेऊ नका.

लिहून झाल्यावर

‘तुफान’, ‘खतरनाक’, ‘डोकं फिरवणारा’, ‘कानातून रक्त’ हे शब्द शोधा आणि प्रत्येकाच्या जागी काय ऐकू आलं ते टाका. दुसऱ्या बँडांची नावं तीनच्या वर गेली असतील तर कापा, ‘सफोकेशन भेटतो गॉरगट्सला’ हे ज्याने दोन्ही ऐकलेत त्यालाच कळतं आणि त्याला तुमची गरज नसते. वर बँड, अल्बम, वर्ष, लांबी, आवृत्ती, कशावर ऐकलं. खाली आकडा आणि तारीख. तारीख यासाठी की वर्षाने परत ऐकाल तेव्हा आकडा हलू शकतो, हलला तर जुना खोडू नका, त्याच्या शेजारी नवीन लिहा आणि कुठल्या गाण्यामुळे हलला ते पण.